सहाशे पानं आणि माझे तीन शब्द

मी एक लाल टॅग बोलतोय. वीतभर लांब, चार बोटं रुंद, जाड पुठ्ठ्याचा, वरून प्लास्टिकचं पातळ कवच चढवलेला. डोक्याशी एक भोक, त्याला पितळी कडं. पोटावर ठळक पांढऱ्या अक्षरांत तीन शब्द: चालू करू नका.

या तीन शब्दांसाठीच मी जन्मलो. बिघडलेल्या यंत्राच्या बटणापाशी मला टांगतात आणि मी तिथे दिवसरात्र ओरडत राहतो. फक्त माझा आवाज कानांना ऐकू येत नाही, तो डोळ्यांनी ऐकावा लागतो. आणि माणसांचे डोळे कुठे असतात, हे या उन्हाळ्यात मला फार जवळून कळलं.

माझं घर म्हणजे एका तंत्रशिक्षण संस्थेतलं सुतारकामाचं वर्कशॉप. लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला लागून ओळीने उभी यंत्रं. संस्थेच्याच छपाई विभागात एका मोठ्या लाल पुठ्ठ्यातून मला कापलं. माझ्याबरोबर सात भावंडं कापली. दाराशेजारच्या फळीवर आठ खिळे ठोकले आणि आठ जणांना आठ खिळ्यांवर अडकवलं.

हे सगळं घडवून आणलं ते बाईंनी. बाई म्हणजे वर्कशॉपच्या नव्या शिक्षिका. वय कोवळं, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याने पाठ ताठ करावी. खूप लांब जाऊन चार वर्षं शिकून आल्या होत्या. तिथे बंद यंत्राला आधी कुलूप आणि मग टॅग लावायची रीत होती. ती रीत त्यांनी मनात जपून आणली, एखादीने दूरगावाहून रोप आणावं तशी. प्राचार्यांनी टॅगला परवानगी दिली. कुलपांबद्दल म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

बाईंनी नियम केला: ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, प्राचार्यांनीसुद्धा.

वर्कशॉपचे मदतनीस काका यावर पोटभर हसले. एकतीस वर्षं ते या यंत्रांमध्ये वावरत होते. मला ते टॅग म्हणत नसत, 'लाल तिकीट' म्हणत.

"बाई, ही घ्या, मोजा," दोन्ही पंजे पुढे करून ते म्हणाले. "दहाच्या दहा आहेत. एकतीस वर्षांत एकही बोट कमी झालेलं नाही. मला कशाला तिकीट दाखवता?"

"काका, पुढची एकतीस वर्षंही दहाच राहावीत म्हणून."

"मी काय अजून एकतीस वर्षं इथे राबू? बरं मागणं मागताय हो!"

पण मला टांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी बाईंच्या हातातली दोरी काढून घेतली. "गाठ मात्र माझी. तुमची गाठ म्हणजे बुटाची नाडी, शिंकलं की सुटेल." त्यांनी एक घट्ट, चपटी गाठ मारून दाखवली आणि बाईंकडून दहा वेळा बांधून घेतली. ती गाठ सोडायची तर नखं लावून, वेळ देऊनच सोडावी लागते.

पहिल्यांदा मी ड्रिलच्या यंत्रावर नऊ दिवस होतो. पहिल्या दिवशी येणारा-जाणारा मला वाचायचा. तिसऱ्या दिवशी माझ्यावर कोणीतरी ओला रुमाल वाळत घातला. सातव्या दिवशी माझ्या कोपऱ्यात एक मिशीवाला चेहरा उगवला. माणसांना कशाचीही सवय होते, लाल रंगाचीसुद्धा. तरी माझं काम झालं. नऊ दिवस ते यंत्र कोणी चालू केलं नाही.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस आला.

काका दोन दिवस आधीच रजेवर गेले होते. मुलीचं बाळंतपण होतं. बाई एकट्याच प्रत्येक यंत्र तपासत होत्या. बँडसॉपाशी येऊन थांबल्या. बँडसॉ म्हणजे लाकूड कापायचं उंच यंत्र. त्यात दातेरी पोलादी पट्टा वरच्या आणि खालच्या चाकावरून गरगर फिरतो. त्या पट्ट्याच्या जोडापाशी बाईंना केसाएवढा तडा दिसला. असा पट्टा वेगात फिरला की तुटतो, आणि तुटला की चाबकासारखा बाहेर येतो. समोर जो उभा असेल त्याची खैर नाही. पट्ट्याचा ताण सोडायचं चाक गंजून बसलं होतं, ते बाईंच्या हाताने फिरेना. मेकॅनिक सुट्टीनंतर येणार होता.

बाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं: 'बँडसॉ. पट्ट्याला तडा. नवा पट्टा बसेपर्यंत बंद.' खाली तारीख, खाली सही. मला बटणाच्या दांड्याला बांधलं, काकांनी शिकवलेल्या गाठीने.

दुपारी फळ्या आत ठेवायचं काम चाललं होतं. एका लांब फळीचं टोक माझ्या दोरीत अडकलं, दोरी मधोमध तुटली आणि मी भुशात पडलो. बाईंनी मला उचललं, झटकलं. "नवी दोरी लावते तुला," असं फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या.

त्या टेबलापाशी आल्या. खणात दोरी शोधली, मिळाली नाही. टेबलावर संस्थेच्या ग्रंथालयातून नुकतंच आणलेलं जाडजूड पुस्तक होतं. सहाशे पानांची कादंबरी, एका नदीचा उगम शोधायला निघालेल्या माणसांची. वर्षभर बाईंनी फक्त यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचल्या होत्या. या सुट्टीत काहीतरी मोठं, भरपेट वाचायचं असं त्यांनी स्वतःला कबूल केलं होतं. पहिलं पान तरी बघू म्हणून त्या बसल्या. पहिल्या पानाने दुसऱ्याकडे ढकललं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे.

"बाई, किल्ल्या द्या," शिपाई दारात उभा होता. "सगळे गेले. गेट बंद करायचंय मला. माझीही सुट्टी आहे म्हटलं!"

"हो हो, आलेच."

बाई उठल्या. बारावं पान उघडं होतं, आणि हातात मी होतो. त्यांनी मला पानात ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

त्यात आळस नव्हता, बेफिकिरीही नव्हती. हातात जे आलं ते वाचणाऱ्याने खूण म्हणून ठेवलं, एवढंच. पण मिटल्या पानांच्या अंधारात मला धडकी भरली. कारण काकांची एक रीत मला ठाऊक होती.

दर मोठ्या सुट्टीनंतर काका सगळ्यांच्या आधी तासभर येतात आणि 'यंत्रं उठवतात'. दारापासून ओळीने एकेक यंत्र चालू करतात, त्याच्या टेबलावर तळहात टेकून उभे राहतात, आवाज ऐकतात, बंद करून पुढे जातात. आधी ग्राइंडर, मग ड्रिल, मग रंधायंत्र. आणि चौथा बँडसॉ. काकांनी तडा पाहिला नव्हता. मी तिथे नव्हतो. फळीवरचा माझा खिळा रिकामा होता, पण खिळे मोजणार कोण?

सुट्टी बाईंनी मोठ्या बहिणीकडे घालवली. टेबलफॅन, खिडकीजवळची खाट, दुपारची जड हवा. बाई पोटावर पालथ्या पडून वाचत. मला काढत, उशीवर ठेवत, पुन्हा पानात घालत. दिवसाला दहा वेळा मी त्यांच्या बोटांत येत होतो. पुस्तकातली प्रत्येक ओळ त्या मन लावून वाचत होत्या. माझे तीन शब्द तेवढे वाचत नव्हत्या. खूण कोणी वाचत नाही, खुणेवरून फक्त पान सापडतं.

मलाही ती कादंबरी तुकड्यातुकड्यांनीच कळली, ज्या दोन पानांमध्ये असेन तेवढीच. एकशे चाळिसाव्या पानावर त्या लोकांचं एक खेचर हरवलं. ते सापडलं का, मला अजूनही माहीत नाही.

एका दुपारी भाचीने मला उचललं. नवीन वाचायला शिकलेलं पोर, दिसेल ते वाचत सुटायचं. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवलं.

"मावशी, यावर लिहिलंय... चालू... करू... नका. काय चालू करू नका?"

माझ्या अंगावर काटा यायची सोय असती तर आला असता. आता! आता मला उलटं कर, पोरी, पाठ वाच!

बाईंनी पुस्तकातून डोकं न काढता म्हटलं, "मला. मावशीला सुट्टीत कोणी चालू करू नका."

स्वयंपाकघरातून ताई हसल्या. "ही बंद तरी कधी असते? परवा आमच्या मिक्सरला धोक्याची चिठ्ठी लावत होती."

"झाकण नीट बसत नाही त्याचं, ताई!"

"बरं बाई, बसत नाही. आणि तो कागद कसला आणलायस कामावरून?"

"असेल जास्तीचा एखादा," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं. भाचीने मला पंख्यासारखं हलवलं, कंटाळली, परत पानात खुपसलं.

दिवस सरले. मी दोनशेव्या पानावर होतो, मग तीनशे, मग साडेचारशे. पान पुढे सरकलं की मला वाटे, तेवढे दिवस कमी झाले. बाई नदीच्या उगमाकडे चालल्या होत्या आणि मी त्या चौथ्या यंत्राकडे.

सुट्टीचा शेवटचा आठवडा लागला आणि बाईंचा चेहरा उतरला. पुस्तक हातात, पण नजर खिडकीबाहेर.

"झालं का सुरू तुझं?" ताई म्हणाल्या. "दर सुट्टीला शेवटी हे असंच. कामावर जायचं म्हटलं की अन्न जात नाही."

"तसं नाही गं. काहीतरी राहिलंय असं वाटतंय. गॅस चालू ठेवून आल्यासारखं."

"मग आठव एकेक."

बाईंनी मला पानातून काढलं. माझ्या कडेने हनुवटीवर टकटक करत त्या डोळे मिटून वर्कशॉपमध्ये फिरू लागल्या. "खिडक्या लावल्या. किल्ल्या शिपायाला दिल्या. वॉर्निशच्या डब्यांची झाकणं... लावली. ग्राइंडर ठीक. ड्रिल ठीक. रंधायंत्र ठीक. बँडसॉ..."

टकटक थांबली.

"बँडसॉच्या पट्ट्याला तडा होता," त्या म्हणाल्या. "पण त्याला टॅग लावलाय." आणि सुटकेचा श्वास टाकून त्यांनी मला पुस्तकात ठेवलं.

इतका जवळ मी कधीच नव्हतो. त्यांच्या हनुवटीला माझी कड लागलेली होती, माझी पाठ त्यांच्या तळहातावर होती, त्यांची स्वतःची सही त्यांच्याच कातडीला चिकटली होती. आणि मी जिथे नव्हतो तिथे मी आहे, या भरवशावर त्या निर्धास्त झाल्या. त्या दिवसापासून मला शांत पान असं लाभलंच नाही.

पहिला दिवस उजाडला.

सुट्टीत नेलेलं पुस्तक पहिल्या दिवशी सकाळी परत करायचं, असा ग्रंथालयाचा नियम. बाई लवकर आल्या. दोन पानं राहिली होती. ग्रंथालय उघडायला पाच मिनिटं होती, म्हणून त्या पायरीवर बसून वाचू लागल्या. मी त्यांच्या मांडीवर, पालथा. पाठ वर, आकाशाकडे. अंगणाच्या पलीकडे वर्कशॉप. त्याचं दार उघडं होतं, दाराशी काकांची सायकल.

ग्राइंडर सुरू झाला. त्याची किरकिर अंगणभर पसरली.

बाई हसल्या. "आले वाटतं काका, उठवताहेत," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

ग्राइंडर थांबला. ड्रिल सुरू झालं.

मी मांडीवर होतो. वाऱ्याची एक झुळूक आली असती तर मी उडून त्यांच्या नाकावर बसलो असतो. पण झाडाचं पानही हलत नव्हतं. ड्रिल थांबलं.

ग्रंथपालांनी दार उघडलं. हे जाड चष्म्याचे गृहस्थ, हातात पडेल ते वाचणारे. पुस्तक परत आलं की आधी ते उलटं धरून झटकायचे, कारण लोक पुस्तकात काय काय विसरतात: तिकिटं, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या. त्यांच्या टेबलावर अशा वस्तूंचा एक डबाच होता.

"या, या. संपलं की नाही?"

"एकच पान राहिलंय. उभ्याने वाचते आणि देते."

"दर सुट्टीनंतर सगळ्यांचं एकच पान राहिलेलं असतं," ग्रंथपाल म्हणाले. त्यांची नजर बाईंच्या हातातल्या माझ्यावर गेली. "खूण मात्र झकास आहे हो. बघू?"

रंधायंत्र सुरू झालं. तिसरं.

ग्रंथपालांनी मला घेतलं, चष्म्याजवळ नेलं, पोट वाचलं. मग सवयीने उलटं केलं आणि पाठ मोठ्याने वाचली. "बँडसॉ. पट्ट्याला तडा. नवा पट्टा बसेपर्यंत... बाई, हे पुस्तकात कसं?"

बाईंनी एकदा अंगणापलीकडे पाहिलं. त्यांनी मला हिसकावलं. पुस्तक खाली पडलं, चप्पल पायरीवर राहिली. आम्ही अंगणात होतो तेव्हा रंधायंत्र थांबलं.

"काका!" बाई ओरडल्या. "काका, थांबा! हात लावू नका!"

उत्तर नाही. यंत्राचा आवाजही नाही. बँडसॉ सुरू झाला असता तर ऐकू आला असता. आणि सुरू होऊन लगेच पट्टा तुटला असता, तर त्यानंतर अशीच शांतता पडली असती. ती शांतता पार करताना बाईंच्या मुठीत मी मधोमध दुमडलो. ती घडी अजून माझ्या अंगावर आहे.

आम्ही दारात पोहोचलो.

काका बँडसॉसमोर एका उलट्या खोक्यावर बसले होते. हात गुडघ्यांवर. दहाच्या दहा बोटं.

"ओरडता कशाला?" ते म्हणाले. "बहिरा नाही मी. म्हटलं, बाई येतील तेव्हा विचारू."

बाई धापा टाकत आत आल्या. त्यांनी मला पुढे केलं.

काकांनी मला वाचलं. आधी पोट, मग पाठ, सावकाश. मग यंत्राच्या पट्ट्याकडे वाकून पाहिलं. बोट न लावता, नुसतं पाहिलं. तडा दिसला.

"तुम्ही... तुम्ही चालू का नाही केलं?" बाईंनी कसंबसं विचारलं.

काकांनी बटणाच्या दांड्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन बोटं लांबीचा दोरीचा तुकडा लोंबत होता, आणि त्याला ती चपटी गाठ.

"तिकीट काढलं असतं तर गाठ सोडली असती," काका म्हणाले. "गाठ माझीच आहे, सोडायला किती वेळ लागतो मला माहीत आहे. ही सोडलेली नाही, दोरी तुटलेली आहे. म्हणजे तिकीट होतं, आणि कोणी काढलेलं नाही. आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं ना? नियम कोणाचा?"

बाई खाली भुशातच बसल्या आणि रडल्या. काकांनी त्यांना रडू दिलं.

"नियम माझा," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मोडला मीच. महिना-दीड महिना माझ्या हातात होता हा. मी काय काय वाचलं, काका! हे नाही वाचलं."

"चुकलात," काका म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. "उठा आता. बांधा पुन्हा. माझ्यासमोर."

बाईंनी मला नव्या दोरीने बांधलं. गाठ बरोबर आली. तासाभराने नवी तुकडी आली, तीस मुलंमुली. बाईंनी ओळख-बिळख बाजूला ठेवली. त्यांना बँडसॉसमोर उभं केलं आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, हनुवटीवरच्या टकटकीसकट. कोणी हसलं नाही. दुपारी त्या प्राचार्यांकडे कुलपं मागायला गेल्या, तेव्हा काका न बोलावता मागोमाग गेले. दार बंद होतं, पण काकांचा आवाज वर्कशॉपपर्यंत येत होता. कुलपं त्याच आठवड्यात आली.

संध्याकाळी ग्रंथपाल चप्पल आणि पुस्तक घेऊन स्वतःच आले. "एक पान राहिलंय म्हणालात. आठवडाभर ठेवा. पण खूण?"

काकांनी सागाचा एक तुकडा बाकाच्या शिकंज्यात आवळला, हातरंधा घेतला आणि एका लांब, संथ ओढीत लाकडाची पातळ साल काढली. कागदासारखी, उजेड आरपार दिसणारी. कात्रीने दोन्ही टोकं सरळ केली आणि बाईंच्या हातात दिली.

"ही ठेवा पुस्तकात," ते म्हणाले. "हिच्यावर कोणाचा जीव टांगलेला नसतो."

बाईंनी ती साल शेवटच्या पानात ठेवली. मग काकांनीच हळूच विचारलं, "सापडला का हो शेवटी, त्या नदीचा उगम?"

"उद्या सांगते, काका. आज वाचणं होणार नाही."

आता नवा पट्टा बसला आहे. बाईंनीच माझी गाठ सोडली, नखं लावून, वेळ देऊन. पाठीवरची अक्षरं पुसली, तरी पुसट दिसतात. मधली घडी जात नाही. मी माझ्या खिळ्यावर आहे. रोज संध्याकाळी दार लावण्याआधी काका फळीसमोर उभे राहतात आणि एक ते आठ मोठ्याने मोजतात. मला अजूनही 'लाल तिकीट'च म्हणतात.

तुम्हीही सुट्टीत वाचत असाल. खूप वाचा, जाडजूड वाचा, नदीच्या उगमापर्यंत जा. पण परत कामावर निघाल त्या सकाळी पुस्तकातली खूण एकदा बाहेर काढा. पोट वाचा, पाठ वाचा. माझ्यासारखा एखादा गप्प बसून ओरडत असेल. आणि ते खेचर सापडलं का, हे कोणाला माहीत असेल तर या फळीपाशी येऊन तेवढं सांगून जा.